धुराचा वास कधी येतो?

दक्षिण न्यू हॅम्पशायरमध्ये थंडी नोव्हेंबरात येते आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकते. इथली बरीच घरं तेलाच्या भट्टीवर तापतात. २००८ च्या उन्हाळ्यात तेलाचे भाव भडकले तेव्हा पुष्कळ लोक पेलेट स्टोव्हकडे वळले. पुढे ती घरं विकत घेणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना घराबरोबर हा स्टोव्हही मिळाला. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा जबर दाबाखाली दाबून केलेल्या, साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या. लाकडातलंच लिग्निन त्यांना धरून ठेवतं, वेगळा डिंक घालावा लागत नाही. जवळच्या जॅफ्री गावात पेलेटचा कारखाना आहे, त्यामुळे इंधनाची चणचण सहसा भासत नाही.

मला हा स्टोव्ह मनापासून आवडतो. पण दर हिवाळ्यात ओळखीच्या एखाद्या घरातून फोन येतोच. "ताई, स्टोव्ह लावला की घरात धुराचा वास येतो. काय करू?" नीट चालणाऱ्या पेलेट स्टोव्हचा घरात धुराचा वास अजिबात येता कामा नये. थोडासा वास यायचाच, असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका.

कारणं शोधण्याआधी यंत्र समजून घेऊ. गावाकडच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळकांड्यातून धूर आपोआप वर चढायचा, कारण गरम हवा हलकी असते. पेलेट स्टोव्हमध्ये हे काम मुख्यतः पंखा करतो. वरच्या हॉपरमध्ये कांड्या ओतायच्या. ऑगर नावाचा मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या बर्न पॉटमध्ये सोडतो आणि विजेचा इग्नायटर त्या पेटवतो. मग धुराचा पंखा आगीच्या पेटीतली हवा ओढून नळीतून घराबाहेर ढकलतो. खोलीतली हवा गरम करून परत खोलीत सोडणारा पंखा वेगळा असतो. म्हणजे धुराच्या पंख्याच्या अलीकडे, आगीच्या पेटीत, दाब कमी असतो आणि पलीकडे, नळीत, जास्त. अलीकडे फट असेल तर खोलीतली हवा आत जाते. पलीकडे फट असेल तर धूर खोलीत येतो. पुढचं सगळं यावर उभं आहे.

१. आधी अलार्म, मग वास

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण धूर घरात येत असेल तर तोही येतोच. म्हणून वास आला की पहिली गोष्ट या वायूचा अलार्म बघायची. अमेरिकेतल्या यूएल मानकाप्रमाणे हे अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजले पाहिजेत. याचाच अर्थ, अलार्म गप्प आहे म्हणून हवा शुद्ध आहे असं धरता येत नाही. ३०-४० पीपीएम तासन्‌तास राहिलं तरी साधा अलार्म वाजणार नाही. आकडा दाखवणारा अलार्म घ्या. एक स्टोव्हच्या मजल्यावर आणि एक झोपायच्या खोल्यांबाहेर लावा. अलार्म वाजला, किंवा घरात डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं आणि ९११ ला फोन करायचा. खिडक्या उघडत, फट शोधत घरात थांबायचं नाही.

२. वास नक्की कसला?

नव्या स्टोव्हचा रंग पहिल्या काही आगींत पक्का होतो, त्याचा वास उग्र आणि रासायनिक असतो. खिडक्या उघड्या ठेवून स्टोव्ह चालवला की तो जातो. ऑक्टोबरातल्या पहिल्या आगीला येणारा करपट वास बहुधा उन्हाळाभर साचलेल्या धुळीचा असतो. राखेचा वास कोरडा आणि घशाला खवखवणारा. वायर किंवा प्लास्टिक जळल्याचा वास आला तर तो धुराचा प्रश्न नव्हेच. स्टोव्ह त्याच्या बटणाने बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा. लाकडी धुराचा वास मात्र ओळखू येतो, होळीच्या दुसऱ्या दिवशी कपड्यांना येतो तोच. इथून पुढे त्याच्याबद्दल.

३. कुठून येतो, याच्या आधी कधी येतो

फोन करणारा प्रत्येक जण "कुठून येतोय तेच कळत नाही" म्हणतो. ते कळणं अवघडच आहे. खोलीचा पंखा स्टोव्हच्या पोटातली हवा पुढच्या जाळीतून बाहेर फेकतो. त्यामुळे मागे, धुराच्या पंख्याच्या गॅस्केटमधून झिरपलेला धूरही पुढूनच येतोय असं वाटतं. नाक जागा चुकवतं, पण वेळ सहसा चुकवत नाही.

म्हणून मी वही ठेवायला सांगते. फ्रिजवर लावलेला कागदही चालेल. वास कधी आला, तेव्हा स्टोव्ह काय करत होता, वारा कुठून होता, घरात आणखी कोणते पंखे चालू होते, एवढंच लिहायचं. आठवडाभरात चित्र दिसू लागतं.

फक्त पेटताना वास येत असेल तर संशय नळीच्या सांध्यांवर, कारण सगळ्यात दाट धूर त्या पाच-दहा मिनिटांत होतो. एरवी स्वच्छ जळताना तीच फट गळत असते, फक्त नाकाला कळत नाही. फक्त विझताना येत असेल तर राख साचली आहे किंवा पंखा वेळेआधी थांबतो आहे. ठरावीक दिशेच्या वाऱ्यातच येत असेल तर धूर बाहेरून परत येतोय. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी येत असेल तर आठवा मुद्दा आधी वाचा. वीज गेल्यावर येत असेल तर दहावा.

४. नळीचे सांधे

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा कारण इथेच सापडलं आहे. लाकडाच्या साध्या स्टोव्हची चिमणी धूर वर ओढते, त्यामुळे तिच्या बारीकसारीक फटी खपून जातात. पेलेटच्या नळीत धूर ढकललेला असतो, त्यामुळे सुईएवढी फटही धूर खोलीत सोडते. ही नळी खास पेलेटसाठीची, दुहेरी भिंतीची असते. आत स्टेनलेस स्टील, बाहेर गॅल्व्हनाइज्ड पत्रा, व्यास तीन किंवा चार इंच. गॅसच्या उपकरणाची नळी किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळी तिच्या जागी कधीही लावू नये.

सांधे तपासायचे ते रात्री. खोलीतले दिवे मालवायचे, स्टोव्ह थंड असताना पेटवायचा आणि धूर दाट असतानाच टॉर्चचा झोत नळीला समांतर धरून प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवायचा. दिवसा न दिसणारी धुराची रेघ त्या झोतात स्पष्ट दिसते. स्टोव्हच्या मागे जिथे नळी सुरू होते तो पहिला जोड आणि खालचं राख काढायचं टी-आकाराचं तोंड, या दोन जागा आधी बघा. टीचं झाकण सफाईनंतर नीट बसलेलं नसतं आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आपल्या घरात आणखी एक साधन असतंच, उदबत्ती. स्टोव्ह चालू असताना ती सांध्याजवळ धरली आणि तिचा धूर बाजूला ढकलला गेला, तर नळी गळते आहे. दाराच्या कडेला धरली आणि धूर आत खेचला गेला, तर दाराचं गॅस्केट गेलं आहे. यात डोळ्यांवर भरवसा ठेवायचा. उदबत्तीच्या सुगंधात नाकाचा उपयोग नाही. आणि हॉपर उघडा असताना पेटती उदबत्ती तिथे न्यायची नाही.

फट सापडली तर स्टोव्ह पूर्ण थंड करून सांधा सोडवा, जुना थर खरवडून काढा आणि जास्त तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनचा अखंड थर देऊन परत जोडा. हा थर आतल्या नळीच्या जोडाला लागला पाहिजे. सांधा न सोडवता नुसतं बाहेरून फासलं तर धूर दोन भिंतींच्या मधून वाट काढतो आणि हातभर लांब दुसऱ्याच जागी बाहेर येतो. न्हाणीघराच्या फरश्यांना लावतात ते सिलिकॉन इथे चालत नाही. काही कंपन्यांच्या नळ्यांत रबरी कडं असतं आणि त्यांना सिलिकॉन लागत नाही, असं त्या म्हणतात. कडं जुनं झालं की तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. सिलिकॉन सुकायला डब्यावर जेवढा वेळ लिहिला असेल तेवढा द्यायचा, मग बाहेर कितीही थंडी असो.

नळी किती लांब आणि किती वळणांची आहे हेही मोजा. बहुतेक उत्पादक एका काटकोनी वळणाला पाच फूट सरळ नळीइतका अडथळा धरतात, आणि असा हिशेब पंधरा फुटांपुढे गेला की तीनऐवजी चार इंची नळी वापरायला सांगतात. स्टोव्ह दिवाणखान्याच्या मधोमध शोभतो म्हणून नळी वळवत नेलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे पंखा बिचारा कायम धापा टाकतो.

५. दाराची दोरी

दाराच्या कडेने फायबरग्लासची विणलेली दोरी असते, तेच दाराचं गॅस्केट. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे दोरी दबली आहे. चारी बाजूंनी हे करा. लोक बहुधा ही दोरी सगळ्यात आधी बदलतात, आणि वास काही जात नाही, कारण स्टोव्ह चालू असताना दाराची फट हवा आत घेते. ती आगीचा जोर मोडते, ज्वाला आळसावलेली, नारिंगी, धुरकट होते आणि काच काळी पडते. त्यामुळे दोरी बदलायचीच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. हॉपरच्या झाकणाचं गॅस्केटही त्याच दिवशी बघून घ्या.

६. राख

बर्न पॉटची भोकं रोज मोकळी करायची. राख वितळून झालेला कडक खडा भोकांवर बसला की हवा कमी पडते आणि कांड्या जळण्याऐवजी धुमसतात. हे सगळे करतात. राहतं ते पाठीमागच्या पडद्याआडची पोकळी, धुराच्या पंख्याची पाती, टीचा तळ आणि बाहेरच्या टोपीची जाळी. चांगल्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याहून कमी असते. तरी एक टन, म्हणजे ४० पौंडांच्या ५० पिशव्या जाळल्या की काही किलो राख झाली, आणि तिच्यातली सगळ्यात बारीक राख या आडजागी जाऊन बसते. टनागणिक एकदा नळी झाडावी.

घरातल्या साध्या व्हॅक्यूमने हे काम करू नका. राखेत दडलेला निखारा पिशवी पेटवू शकतो, आणि निखारा नसला तरी बारीक राख फिल्टरमधून सुटून घरभर पसरते. सफाईच्या दिवशीच वास वाढतो, अशी तक्रार असेल तर कारण हेच. राखेसाठीचा व्हॅक्यूम वेगळा मिळतो, आणि त्यालाही राख थंड झालेलीच द्यायची. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घरापासून दूर. लाकडी डेकवर नको, गॅरेजमध्ये तर नकोच. निखारा राखेखाली काही दिवसही जिवंत राहू शकतो.

७. ओल्या आणि भुग्याच्या कांड्या

पिशवी फाटून पाणी लागलेल्या कांड्या फुगतात, मोडतात. त्या टाकून द्या. तळाशी साचलेला भुगाही हॉपरमध्ये ओतू नका. ओलसर इंधन आणि म्हातारा इग्नायटर एकत्र आले की कांड्या पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात. ऑगर वरून आणखी कांड्या टाकत राहतो, पेटी धुराने भरते आणि मग तो धूर एकदम भपकन पेटतो. त्या धक्क्याने प्रत्येक फटीतून धूर खोलीत येतो. भरलेला बर्न पॉट नुसता धुमसताना दिसला तर दार उघडू नका. तिथे पेटवण्याची जेल तर मुळीच घालू नका. बटणाने बंद करा, पंख्याला धूर बाहेर काढू द्या, थंड झाल्यावर पॉट रिकामा करा.

८. फोडणी आणि घराचा दाब

हा मुद्दा मराठी घरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या फोडणीचा ठसका घरभर पसरू नये म्हणून आपण गॅसवर जोरदार चिमणी लावतो, मिनिटाला ६०० घनफूट किंवा त्याहून जास्त हवा बाहेर फेकणारी. बाहेर गेलेल्या हवेची जागा कुठून तरी आलेल्या हवेने भरते. थंडीसाठी फटी बुजवलेल्या घरात तिला वाट उरते ती थोडीच, आणि त्यात एक वाट स्टोव्हची असते. चालू स्टोव्हचा पंखा बहुतेकदा टिकाव धरतो. पण स्टोव्ह विझत आलेला असताना, पंख्याचा जोर कमी झाला की उरलेला धूर उलटा घरात ओढला जातो. चालू असतानाही आग मंदावते आणि बाहेर सोडलेला धूर खिडकीच्या फटीतून परत येतो. कपडे वाळवण्याचं यंत्र आणि न्हाणीघराचा पंखाही यात भर घालतात. तळघरातल्या स्टोव्हला हे जास्त जाचतं, कारण हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून वरून निसटते आणि तळघराचा दाब आधीच उतरलेला असतो.

परीक्षा सोपी आहे. चिमणी चालू ठेवून स्टोव्हजवळची खिडकी दोन बोटं उघडा. वास थांबला तर कारण सापडलं. उपाय म्हणजे स्टोव्हला जळणासाठीची हवा थेट बाहेरून आणणारी वेगळी नळी. वॉशिंग्टन राज्यात घन इंधनाच्या उपकरणांना अशी बाहेरची हवा देणं नियमानेच आलं आहे. मी म्हणेन, नियम नसला तरी लावा. शिवाय घरातली हवा घेऊन पंख्याविना धूर सोडणारं जळणाचं उपकरण घरात असेल, तर मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा फेकणाऱ्या चिमणीसाठी भरपाईची हवा आणण्याची सोय करावी, असं घरबांधणीची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते. चिमणी बसवणारे हे आपणहून क्वचितच बोलतात. तुम्ही विचारा.

९. बाहेर सोडलेला धूर परत येतो तेव्हा

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए २११ या मानकाप्रमाणे पंख्याने ढकललेल्या धुराचं तोंड दार-खिडकीच्या बाजूला किंवा खाली असेल तर किमान चार फूट दूर, वर असेल तर किमान एक फूट वर असावं. घराच्या आतल्या कोपऱ्यात वारा घोटाळतो आणि धूर तिथेच कोंडतो, अशी जागा अंतर पाळूनही त्रास देते. बर्फ पडून गेल्यावर अंगणाआधी नळीचं तोंड मोकळं करायचं.

१०. वीज गेली तर

११ आणि १२ डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात न्यू हॅम्पशायरमधल्या चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आणि काही घरांत ती जवळपास दोन आठवड्यांनी आली. वीज गेली की धुराचा पंखा थांबतो, पण पॉटमधल्या कांड्या जळत राहतात. नळी भिंतीतून सरळ आडवी बाहेर काढलेली असेल तर धुराला वर चढायची ओढच नसते, तो हॉपरमधून आणि दाराच्या कडेने घरात येतो. म्हणून नळी बाहेर पडण्याआधी किंवा पडल्यावर तिला तीन ते पाच फूट उभी चढण द्यावी. वरच्या नळीतली गरम हवा पंख्याविना धूर ओढत राहते. शिवाय एक यूपीएस ठेवा, शुद्ध साइन वेव्ह देणारा. त्यावर रात्र काढायची नसते, स्टोव्ह रीतसर विझेपर्यंत पंखा फिरला की पुरे. याच कारणाने चालू स्टोव्हचा प्लग कधीही उपटायचा नाही, घाई कितीही असो.

११. घरच्या नाकाला सवय होते

रोजच्या वासाला नाक लवकर सरावतं. आपल्याला येत नाही म्हणून वास नाहीच, असं होत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला दारातच विचारा. एका मैत्रिणीची आई साताऱ्याहून डिसेंबरात आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "अगं, चुलीचा वास येतोय की घरात!" मैत्रीण नाहीच म्हणत होती. टॉर्च लावून पाहिलं तर टीचं झाकण अर्धवट बसलेलं होतं. घरात दम्याचं मूल असेल तर त्याचा खोकला हाही निरोपच समजा. आणि वरचं सगळं करूनही वास राहिला तर प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ बोलवा. त्याच्या हाती आपली वही द्या, त्याचा निम्मा वेळ वाचतो.

१२. जुलैतला वास

स्टोव्ह महिनोन्‌महिने बंद आणि दमट दिवसांत काजळीचा वास येतोय, असंही होतं. एसीने थंड झालेल्या घरात बाहेरची गरम हवा नळीतून उलटी येते आणि ओल धरलेल्या राखेचा वास घेऊन येते. ओली राख पत्र्यालाही खाते. एप्रिलमध्ये शेवटची आग विझली की त्याच आठवड्यात पूर्ण सफाई करा, हॉपर आणि ऑगर रिकामा करा आणि प्लग काढून ठेवा. नळीच्या बाहेरच्या तोंडात कापडाचा बोळा बसवला असेल तर तशी चिठ्ठी स्टोव्हच्या बटणावरच चिकटवा, म्हणजे ऑक्टोबरात घरातलं कुणीही पेटवायला गेलं तरी आधी बाहेर जाऊन बोळा काढेल.